कान न कापलेली मेंढी

मंठ्याच्या अलीकडे मोठा माळ होता. आता तिथं मोसंबीच्या बागा आहेत, पण निजामाच्या राज्यात तिथं नुसतं गवत होतं. पावसाळा सरता सरता ते माणसाच्या कमरेला लागायचं, आणि वारा सुटला की सगळा माळच कुठं तरी निघाल्यासारखा दिसायचा. त्या गवतात काळवीट होते, ससे होते, तितर होते, आणि लांडगे होते. दिवस मावळताना लांडगे बोलायचे. एक सुरुवात करायचा, दुसरा त्यात आवाज मिसळायचा, मग लांबून कुठून तरी तिसरा. गावातल्या बायांचे भाकरी थापणारे हात तेवढ्यापुरते थांबायचे आणि आवाज खाली आला की पुन्हा चालू व्हायचे. परतूरला गाडी घेऊन जाणाऱ्याला वाटेत लांडगा दिसला तर त्याचं कोणाला नवल नव्हतं. तो कडेला उभा राहून गाडी जाऊ द्यायचा आणि मग सावकाश रस्ता ओलांडायचा.

कडूबा धनगर ह्या माळावरच जन्मला आणि ह्या माळावरच वाढला. त्याची आणि थोरल्या भावाची, भुजंगाची, मेंढरं एकत्र होती. दिवसा माळावर चारायची, रात्री कोणाच्या तरी रानात बसवायची. लेंडीचं खत पडतं म्हणून रानाचा मालक ज्वारी द्यायचा. मेंढरांभोवती वाघूर लावायची, म्हणजे अंबाडीच्या दोरीचं जाळं खुंट्यांवर उभं करायचं, आणि शेजारीच दोघा भावांच्या चुली पेटायच्या.

त्यांच्या घरात एक जुनी रीत होती. दिवाळीच्या पाडव्याला त्या वर्षीच्या कोकरांच्या डाव्या कानाला खाच पाडायची. खाच पडली की मेंढरू घरचं झालं. एक कोकरू मात्र तसंच सोडायचं. ते लांडग्याचं. त्याची लोकर कातरायची नाही, ते विकायचं नाही, खायचं नाही, त्याला नाव ठेवायचं नाही. लांडग्यानं नेलं तर 'गेलं' म्हणायचं नाही, 'पोचलं' म्हणायचं. आणि लांडगा कितीही जवळ आला तरी त्याला हाकलायचं, मारायचं नाही. कडूबाचा आजा सांगायचा की माळ आधी त्यांचा होता, आपण मागून आलो, आणि मागून आलेल्यानं दाराशी काही तरी ठेवून मग आत यावं.

ही रीत थोडीशी मोडली ती कडूबाच्या बायकोनं, झुंबरबाईनं. एका वर्षी जे कोकरू सोडलं त्याची आई चार दिवसांत मेली. लांडग्याचं कोकरू, म्हणून कोणी त्याच्याकडे बघेना. झुंबरबाईनं शेळीचं दूध वाटीत घेतलं, त्यात बोट बुडवलं आणि ते कोकराच्या तोंडात दिलं. लांडग्याला द्यायचं तर उपाशी तरी कामून द्यायचं, असं तिचं म्हणणं. कोकरू जगलं. ती त्याला 'बये' म्हणून हाक मारायची. नाव ठेवायचं नसतं म्हणून भुजंगानं टोकलं तेव्हा ती म्हणाली, बया काय नाव थोडंच आहे, मी तर तुमच्या बायकोलाही बया म्हणते.

कोकराची मेंढी झाली. दर साल लोकर वाढत गेली, तिच्यात कुसळं आणि गोखरू अडकत गेले, आणि ती चार पाय फुटलेल्या घोंगडीच्या गुंडाळीसारखी दिसायला लागली. ह्या मेंढीला खाताना लांडगा लोकर घशात अडकून मरेल आणि पाप आपल्या माथी येईल, असं भुजंग म्हणायचा. झुंबरबाई हसायची. ती पाण्याला गेली की मेंढी पाण्याला, शेण्या वेचायला गेली की मेंढी तिच्या मागं. लांडगे येत होते, पुढच्या सालांची सोडलेली कोकरं नेत होते, घरचीही एखाद-दुसरी नेत होते, पण ह्या मेंढीच्या वाटेला गेले नव्हते.

मग तो भादवा आला. कडूबा लोकर घेऊन मंठ्याच्या बाजाराला गेला. मागं पाऊस झाला, नदीला पाणी आलं आणि तो पलीकडेच अडकला. पाशामियाँ पिंजारी त्याचा जुना दोस्त, त्याच्या ओसरीवर कडूबा राहिला. पाणी उतरल्यावर मीठ-तमाखूचं गाठोडं डोक्यावर घेऊन तो मेंढरांच्या वाड्यावर आला, तर झुंबरबाईला माती देऊन झाली होती. जुलाब-उलट्यांची पटकी झाली होती. निघाला त्या सकाळी तिनं त्याला भाकरी बांधून दिली होती, आणि परत आला तेव्हा ओली ढेकळं टाकलेली एक जागा होती. मधलं काहीच त्यानं बघितलं नव्हतं.

भुजंगाची बायको साळूबाई शेवटपर्यंत जावेजवळ होती. तिनं सांगायला सुरुवात केली की कडूबा म्हणायचा, "राहू दे, वैनी," आणि उठून मेंढरांकडं जायचा. असं किती तरी वेळा झालं. शेवटी साळूबाईनं विषय काढायचं सोडलं.

घरात झुंबरबाईला शोधणारं कोणी असेल तर ती मेंढी. संध्याकाळी मेंढरं वाघुरीत शिरली की ती बाहेरच राहायची. कडूबाच्या विझलेल्या चुलीपाशी जायची, मग साळूबाईच्या चुलीपाशी, तिच्या लुगड्याचा वास घ्यायची आणि ही ती नाही म्हणून मागं फिरायची. मग माळाकडं तोंड करून उभी राहायची. त्या वेळी लांडगे बोलत असायचे. कडूबाला ते बघवेना. त्यानं मेंढीच्या गळ्यात दावं घातलं. दिवसा दुसरं टोक त्याच्या हातात, रात्री मनगटाला.

दोघा भावांमध्ये ह्यावरून बोलणं होत नव्हतं. पण दसऱ्याच्या आगेमागे लांडग्यांनी एक पाठ, म्हणजे तरणी मेंढी, नेली, मग एक तगडा मेंढा नेला. दोन्हीच्या कानाला खाच होती. भुजंगानं मेंढ्याचं रक्त लागलेलं गवत हातात आणलं, कडूबाच्या पुढं टाकलं आणि शांतपणे म्हणाला, "त्याचा वाटा तू हाताला बांधून झोपून राह्यला. मंग तो आपला वाटा नेणारच ना?"

भावाचं खरं आहे हे कडूबालाही पटत होतं. त्याच्या आज्यानं हेच सांगितलं असतं. पण दावं सोडायला हात होईना.

त्याच दिवसांत पाशामियाँ लोकर बघायला आला. लांडग्याचं कातडं आणील त्याला इनाम, अशी तहसिलीनं दवंडी दिल्याचं त्यानं सांगितलं. त्याच्या साडूकडे ठासणीची बंदूक होती. मेंढीकडं बोट करून तो म्हणाला, "हिला माळाच्या मधात बांधू, मी झाडावर बसतो. जल्दी निपटवतो बघ, बिलकुल फिकीर न्हाई." दोघं भाऊ एकदमच नाही म्हणाले. भादव्यापासून पहिल्यांदा त्यांचं एका गोष्टीवर एकमत झालं होतं. पाशामियाँनं कपाळाला हात लावला. मेंढरं तुमची खातो, अन् तुम्हीच त्याचे वकील, असं म्हणत त्यानं चिलीम मागितली.

कडूबाच्या डोक्यात मात्र दुसरंच चाललं होतं. रीत मोडायची नव्हती आणि मेंढीही जाऊ द्यायची नव्हती. एक वाट रितीतच आहे असं त्याला वाटायला लागलं. खाच नाही म्हणून ती लांडग्याची. मग खाच पाडली तर?

पाडव्याला सकाळी मेंढरं धुतली, शिंगांना गेरू लावला, शेणाच्या गवळणी मांडल्या. भुजंग एकेक कोकरू गुडघ्यात धरत होता आणि कडूबा सुरीनं कानाला खाच पाडून वर हळद दाबत होता. शेवटचं एक पांढरं कोकरू भुजंगानं तसंच सोडून दिलं. हे यंदाचं लांडग्याचं. तो हात झटकून उठला, तेवढ्यात कडूबानं दाव्याची मेंढी ओढून मांडीशी घेतली. इतकी लोकर बाजूला सारून कान शोधावा लागला. मेंढी हलली नाही. त्यानं खाच पाडली, हळद लावली.

भुजंग दोन पावलं जवळ आला.

"तू लांडग्याला फसवून राह्यला, का मला?"

"फसवणं कशाचं, दादा? यंदाचं त्याचं सोडलंच ना आपण. ही आता घरची झाली."

"घरची?"

"खाच पडली की घरची. आज्जाच म्हणायचा."

भुजंगानं मान हलवली. मग तो खाली वाकला आणि मेंढीच्या गळ्यातल्या दाव्याला हात लावून म्हणाला, "मंग हे काढ. घरच्या मेंढराला दावं लावलेलं म्या आजवर पाह्यलं न्हाई."

खाच खरी मानायची तर दावं काढायला पाहिजे होतं. दावं ठेवायचं तर खाच खोटी. साळूबाई हात कमरेवर ठेवून दोघांकडं बघत होती. कडूबानं गाठ सोडली. मेंढीनं मान झटकली आणि बाकीच्या मेंढरांत गेली.

त्या रात्री मेंढी वाघुरीत नीट बसली. कडूबाला वाटलं, जमलं.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर तो मेंढरं घेऊन माळाच्या वरच्या अंगाला गेला. तिथं हिवराची चार-पाच झाडं होती. गवत पिवळं पडायला लागलं की मेंढरांना ओला पाला लागतो. धनगर लांब दांड्याची कुऱ्हाड घेऊन झाडावर चढतो, डहाळ्या तोडून खाली टाकतो, आणि मेंढरं खाली गोळा होतात. आधी झुंबरबाई खाली उभी राहून डहाळ्या पसरून द्यायची, नाही तर दांडगी मेंढरं कोकरांना खाऊ देत नाहीत. आता पसरायला कोणी नव्हतं. कडूबा वर चढला, दोन डहाळ्या टाकल्या, आणि तिसरीवर कुऱ्हाड उगारली तेव्हा त्याला समोरच्या टेकाडावर लांडग्याची मादी दिसली.

ती लपली नव्हती. टेकाडाच्या माथ्यावर, उन्हात, दाराशी बसलेल्या कुत्र्यासारखी बसली होती. अंगाचा रंग गवताचाच. मेंढरांबरोबरचा बांड्या कुत्रा भुंकत तिच्याकडं सुटला. मेंढरांनी माना वर केल्या आणि सगळी तिकडंच बघायला लागली. कुत्रा जवळ येईपर्यंत मादी उठलीच नाही. मग उठली आणि चालायला लागली. तो पळाला तर ती जरा पळायची, तो दमला तर ती थांबायची. एवढं अंतर ठेवायची की कुत्र्याला वाटावं, आता धरलीच. असं करत करत तिनं त्याला टेकाडापलीकडं नेलं.

कडूबाचा सारा जन्म मेंढरांमागं गेला होता. पण खाली उभं राहिलेल्या माणसाला गवतापलीकडचं काय दिसतं? आजवर तो प्रत्येक वेळी नंतर पोचला होता. आरडाओरडा, धूळ, पळणारी मेंढरं, आणि रक्त लागलेलं गवत, एवढंच त्यानं पाहिलं होतं. आज तो झाडावर होता आणि सगळा माळ त्याच्या पायाखाली पसरला होता.

म्हणून त्याला दिसलं की मेंढरांच्या पाठीमागं, जिकडं एकही मेंढरू बघत नव्हतं, तिकडच्या घळीतून गवताची एक रेघ हलत येत आहे. वारा दुसरीकडून होता. सगळं गवत एका अंगाला झुकत होतं आणि ती रेघ तेवढी त्याच्या विरुद्ध सरकत होती. काही अंतरावर दुसरी रेघ. मध्येच दोन्ही थांबायच्या. टेकाडापलीकडून कुत्र्याचं भुंकणं आलं की पुन्हा हलायच्या. हे सगळं ठरलेलं होतं. मादीनं कधी बसायचं, कुत्र्याला किती लांब न्यायचं, ह्या दोघांनी कुठून यायचं. कोणी कोणाला काही सांगत नव्हतं, तरी तिघांना तिघांचं माहीत होतं.

हाळी द्यायला कडूबानं तोंड उघडलं. धनगराची हाळी पार नदीपर्यंत जाते. पण ती आलीच नाही. त्याच्या मनात भीती नव्हती, रागही नव्हता. लहानपणी जांबेच्या देवळात पहिल्यांदा समया लावलेला गाभारा बघितला होता, तेव्हा आईचं बोट सुटलं तरी कळलं नव्हतं. तसंच काहीसं झालं.

पहिला लांडगा गवतातून बाहेर आला आणि मेंढरांत शिरला. तो पळत नव्हता. आपल्याच घरात एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जावं तसा चालत होता. मेंढरं बाजूला झाली आणि त्याला वाट झाली. कोकरं त्याच्या अगदी बाजूला होती, पाडव्याचं ते पांढरं, बिनखाचेचं कोकरू तर त्याच्या तोंडाशीच होतं. त्यानं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. तो सरळ कडूबाच्या झाडाखाली आला. तिथं ती मेंढी उभी होती. बाकीची टेकाडाकडं बघत असताना ती एकटीच डहाळ्या पडल्या होत्या तिथं, कोणी पसरून देईल म्हणून थांबली होती.

लांडगा इतका जवळ होता की कडूबाला त्याच्या पाठीवरचे काळे केस वेगवेगळे दिसत होते. एका कानाचा शेंडा फाटलेला होता. त्यानं वर पाहिलं नाही. हातात कुऱ्हाड घेतलेला माणूस डोक्यावर बसला आहे, हे त्याला वासानं कळलं नसेल असं नाही. पण त्या कामात माणूस कुठंच नव्हता. कडूबाला पहिल्यांदा समजलं की आपण हाळ्या देतो, खाचा पाडतो, त्याचं हे आपलं हे असं मांडत बसतो, आणि हे सगळं आपलं आपल्याशीच चाललेलं असतं.

मेंढीनं लांडग्याकडं तोंड केलं. पळाली नाही. त्यानं खालून मान धरली. इतकी लोकर होती, तरी त्याला गळा बराबर सापडला. तो लटकून राहिला, ओढलं नाही, झटकलं नाही. मेंढी आधी पुढच्या गुडघ्यांवर बसली, पाणी प्यायला बसावी तशी. मग मागून. मग कुशीवर. पायांनी एकदा गवत हलवलं. फार वेळ लागला नाही. लांडग्यानं सोडलं नाही, धरून राहिला, जणू काम पुरं झाल्याची खात्री होईपर्यंत सोडायचं नसतं असं त्याला कोणी तरी शिकवलं होतं.

दुसरा आला. दोघांनी तिला घळीकडं ओढत नेलं. घळीच्या काठावर ह्या सालची पिलं उभी होती, लांब पायांची, बारीक अंगाची. एकमेकांच्या अंगावर पडत ती खाली उतरली. थोड्या वेळानं टेकाडाला वळसा घालून मादी आली. तिला घाई नव्हती. काठावर उभं राहून तिनं सगळ्यांकडं एकदा बघितलं आणि मग तीही उतरली.

झाडाखाली मेंढरांनी माना खाली घातल्या आणि डहाळ्या खायला लागली. कडूबा पाला तोडायचं विसरून गेला होता. त्याच्या लक्षात आलं की आपलं तोंड अजून उघडंच आहे.

भुजंग दुपारी आला तेव्हा बांड्या जीभ बाहेर काढून सावलीत पडला होता, आणि झाडापासून घळीपर्यंत काट्याकुट्यांना लोकर लागलेली होती. भुजंगानं ती बघितली. असली लोकर दुसऱ्या कोणाच्याच अंगावर नव्हती. तरी त्यानं विचारलं.

"कोणती?"

"पोचली," कडूबा म्हणाला.

भुजंगानं काट्यावरची लोकर सोडवून घेतली. "तू इथंच व्हता?"

"झाडावर."

"अन् हाळी न्हाई दिली?"

"न्हाई."

"कामून?"

"पाहून राह्यलो व्हतो."

खाच पाडली तरी काय झालं, हे भुजंग बोलू शकला असता. त्याऐवजी त्यानं कुऱ्हाड घेतली आणि स्वतः झाडावर चढला, कारण मेंढरं उपाशी होती. कडूबा खाली उभा राहिला आणि पडतील तशा डहाळ्या कोकरांपुढं पसरत गेला.

संध्याकाळी मेंढरं वाघुरीत बसली. बाहेर कोणी राहिलं नाही. कडूबा वहिनीच्या चुलीपाशी येऊन बसला आणि आपण होऊन सांगायला लागला. मादी कुठं बसली होती, वारा कुठून होता, गवत कसं उलटं हललं, फाटक्या कानाचा कसा चालत आला, मेंढी आधी गुडघ्यांवर कशी बसली. काही गाळलं नाही. साळूबाईनं त्याला इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. तिच्या हातातला भाकरीच्या पिठाचा उंडा वाळायला लागला.

"भिली का हो ती, भावजी?" तिनं विचारलं.

"न्हाई. तिनं त्याच्याकडं तोंड केलं."

माळावर लांडगे बोलायला लागले. आज ते जवळ होते. दोघं ऐकत राहिले. एकाचा आवाज वर चढायचा, त्यात बाकीचे मिसळायचे, त्यात पिलांचे कच्चे आवाज ओळखू यायचे. मग सगळं शांत झालं.

कडूबा उठेल असं साळूबाईला वाटलं. तो उठला नाही. चुलीतलं लाकूड त्यानं आत सरकवलं.

"आता तिचं सांग, वैनी," तो म्हणाला. "पहिल्यापून सांग."

साळूबाईनं तवा उतरवला, हात लुगड्याला पुसले आणि सांगायला लागली. तो बाजाराला गेला तेव्हा झुंबर चांगली होती, वाकळ धुवायला काढली होती, तिथपासून. कडूबा ऐकत राहिला. मधे एकदाच त्यानं विचारलं, शेवटी डोकं कोणाच्या मांडीवर होतं. साळूबाईनं आपल्या उजव्या मांडीवर हात ठेवून दाखवलं. मग पुढचं सांगितलं.